एक नंबरच्या खाटेवरचा पेशंट

आमच्या गावच्या दवाखान्यात औषधांचा एक फ्रीज आहे. रोज सकाळी सिस्टर कुलूप काढून केर काढायला लागल्या, की एक म्हातारा येतो. चपला पायरीखाली काढतो, फ्रीजसमोर उभा राहतो आणि विचारतो, "आलं का, बाई?"

सिस्टर हातातला झाडू भिंतीला टेकवतात आणि फ्रीज उघडतात. म्हातारा वाकून सगळे कप्पे बघतो. लहान मुलांच्या लसी असतात, बर्फाच्या पिशव्या असतात, कधी सिस्टरची दह्याची वाटी असते. सापाचं इंजेक्शन नसतं.

"नाही आलं, आबाजी."

"बरं."

मग तो स्वतःच्या हाताने फ्रीजचं दार लावतो, दाबून बघतो आणि निघून जातो. दवाखान्यात नवीन आलेला माणूस सिस्टरकडे बघून कपाळाला बोट लावतो. सिस्टर पुन्हा झाडू हातात घेतात.

त्या म्हाताऱ्याबद्दल लिहावं असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटत होतं. मी वडशाला कॉलेजात शिकते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. असं काही लिहायची सवय नाही, म्हणून कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं. शेवटी वाटलं, फ्रीजपासूनच करावं.

सगळं गाव त्यांना आबाजी म्हणतं. आमच्या घराला लागून त्यांचं घर. मधे फक्त बोरीच्या काट्यांचं कुंपण, तेही आमच्या बकऱ्यांनी अर्धं खाल्लेलं. आबाजींच्या अंगात बारा महिने एक मखमली जाकीट असायचं. कुठल्या तरी नाटकातल्या राजाचं. जरीचं काम कधीच उसवून गेलं होतं, पण मखमल होती. रोवणीच्या चिखलात उतरतानासुद्धा ते जाकीट अंगात. खाली बनियन, वर राजाचं जाकीट, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पेंडी. लोक हसायचे तर म्हणायचे, "हासा बापा, हासा. राजाच्या वावरात कामाले येऊन राह्यले अन् राजाले हासता."

तरुणपणी ते गावच्या दंडारीत नाचले, मग नाटकात गेले. हिवाळ्यात धान घरात आलं की आमच्याकडे मंडईचे, म्हणजे जत्रांचे, दिवस सुरू होतात आणि गावोगावी नाटकं लागतात. आबाजी काही हंगाम वडशाच्या एका मंडळीबरोबर फिरले. त्यांना नायक कुणी केलं नाही. ते बाप व्हायचे आणि मरायचे. त्यांच्या मरण्याला भाव होता. बाया पदर तोंडाला लावून रडायच्या आणि ते मेले की मंडपातून ओरड व्हायची, "वन्स मोअर!" मग मेलेला बाप उठून बसायचा, प्रेक्षकांना हात जोडायचा, जाकीट सारखं करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचा. दुसऱ्यांदा जास्त वेळ लावायचा.

त्यांच्या बायकोला हे पटत नसे. आम्ही तिला आजी म्हणायचो. ती नवऱ्याला नाटक्या म्हणायची, तेही सगळ्यांसमोर. "ए नाटक्या, जेवाले ये." आबाजी तिला 'सरकार' म्हणायचे. कुंपणापलीकडून रोज ऐकू यायचं.

"सरकार, भाजीत मीठ नाई."

"मंग मीठ असल्यासारखं कर. तुले जमते ना नाटक."

आबाजींना तालमीशिवाय काही करता येत नसे. सोसायटीत खत मागायला जायचं तर आधी अंगणात उभं राहून, समोर सेक्रेटरी बसला आहे असं धरून सगळं बोलून बघायचे. सेक्रेटरीची वाक्यंही तेच म्हणायचे, जाड आवाजात. कधी कधी अंगणातला सेक्रेटरी नाही म्हणायचा, आणि मग ते सोसायटीत जायचेच नाहीत. आजी ओट्यावर तांदूळ निवडत बोलायची, "जाऊन तं पाहाय ना बापा. खरा सेक्रेटरी इतका खराब नाई."

अशा माणसाला दवाखान्याने कामाला लावलं.

आमचं गाव कुरखेड्याच्याही पुढे, जंगलाला लागून आहे. गावात सरकारी आरोग्य केंद्र आहे म्हणून आजूबाजूच्या गावांत आम्हाला मान होता. इमारत पक्की, मागे डॉक्टरांचं क्वार्टर. पण डॉक्टर शहरात राहायचे. तिथे त्यांच्या बायकोच्या नावाने दवाखाना होता आणि तिथे ते रोज भेटत. आमच्याकडे आठवड्यातून कधीतरी यायचे, साचलेल्या सह्या करायचे, कुणी जास्त आजारी असलं की म्हणायचे, "तिकडे घेऊन या, तिथे मशिनी आहेत." क्वार्टरच्या व्हरांड्यात गावच्या बकऱ्या बसायच्या. दवाखाना सिस्टरच चालवायच्या. त्या कोरपन्याकडच्या, एकट्या राहायच्या. बाळंतपणं, पट्ट्या, ताप, सगळं त्याच.

वर्षातून एकदोनदा वरून तपासणी यायची. डॉक्टरांनी एकदा ग्रामपंचायतीत लोकांना बसवून सांगितलं, की केंद्र तपासणीत नापास झालं तर सरकार ते उचलून दुसऱ्या गावी नेईल. आणि चांगलं पास झालं तर बक्षीस मिळेल, दुसरा डॉक्टर मिळेल, तो इथेच क्वार्टरमध्ये राहील, औषधं भरपूर येतील. हे खरं की खोटं ते विचारायला आमच्याकडे कुणी नव्हतं. लोक घाबरले. असेल तसा असो, पण दवाखाना गावात राहिला पाहिजे, असं सगळ्यांना वाटलं. तपासणीला खाटा भरलेल्या दिसायला हव्या होत्या. पण डॉक्टर नाही म्हणून पेशंट नाही. मग डॉक्टरांनीच विचारलं, "तुमच्या गावात ते नाटकवाले आहेत ना?"

तेव्हापासून आबाजी एक नंबरच्या खाटेवरचे पेशंट झाले.

त्यांनी ते काम इतकं मनावर घेतलं की नाटकाचंही कधी घेतलं नसेल. आठवडाभर आधीपासून तालमी. बिछायतवाल्याकडून पांढऱ्या चादरी आणायच्या, लग्नातल्या. प्रसूतीच्या खोलीला पडदा नव्हता, तर नाटक मंडळाचा जंगलाच्या देखाव्याचा पडदा आणून उलटा टांगला, रंगाची बाजू भिंतीकडे. आणि गावातून पेशंट निवडायचे. मी नववीत होते तेव्हा मलाही निवडलं होतं, तापाची पेशंट म्हणून.

"डोळे पुरे मिटू नको, पोरी. ताप आलेल्या माणसाचे डोळे अर्धेच मिटतात. अन् साहेबानं विचारलं का लवकर जवाब नाई द्यायचा. आधी त्याच्याकडे पाहायचं, मंग व्हट ओले करायचे, मंग बोलायचं."

"काय बोलायचं, आबाजी?"

"बोलायचं का इथी बरं वाटते. औषध भेटते. डाक्टर रोज येते."

"पण ते तर येत नाहीत."

आबाजी माझ्या उशाशी बसले. "येत नाई म्हणूनच बोलायचं. आपण म्हणू येते, तं दवाखाना पास होईन. पास झाला का खरंच येईन. आज लबाड बोलू, उद्या ते खरं होईन."

तेव्हा मला ते पटलं होतं. सगळ्या गावाला पटलं होतं. आता कॉलेजात बसून विचार करते तेव्हा कळतं, की आम्ही दरवर्षी वरच्या लोकांना पटवून देत होतो, की आमच्याकडे काहीच कमी नाही.

फक्त आजीला पटलं नव्हतं. एक बाई पेशंट कमी पडत होती म्हणून आबाजींनी तिला विचारलं, तर ती विळा घेऊन निघालीच. "मी नाई झोपत तुह्या खाटेवर. मी धडधाकट आहे. अन् तूही नको झोपू. बिमारीले असं बोलावून बोलावून तिले घर माहीत होते."

तपासणीच्या दिवशी वस्तूही यायच्या. एक जीपगाडी साहेबांच्या पुढे पुढे चालायची. तिच्यात ऑक्सिजनचा सिलिंडर, वजनाचा नवा काटा, आणि थर्माकोलच्या खोक्यात सापाची इंजेक्शनं. साहेब यायच्या आधी सगळं जागेवर लागायचं. साहेब बघायचे, लिहायचे. मग सरपंचाकडे गावठी कोंबड्याचं जेवण व्हायचं, आणि साहेब जेवायला बसले की जीप सामान भरून पुढच्या केंद्राकडे निघायची. साहेब हात धुऊन तिथे पोचायचे, तोवर तोच सिलिंडर तिथल्या खाटेजवळ उभा. आमच्या भागातल्या सगळ्या केंद्रांत मिळून तेवढंच सामान होतं, असं सिस्टर एकदा बोलता बोलता म्हणाल्या.

आबाजींचं त्या खोक्यावर लक्ष असायचं. आमच्याकडे धानाच्या बांध्यांत, म्हणजे पाणी भरलेल्या वाफ्यांत, साप फार. ते जीपवाल्याला म्हणायचे, "हे एवढं राहू दे ना, भाऊ. पावसाळा आहे." तो म्हणायचा, "आबाजी, मी डायवर माणूस. तुमी पास व्हा, मंग तुमाले तुमचं भेटन." मी वडशाला कॉलेजात गेल्यावरच्या पावसाळ्यात तपासणी झाली तेव्हा आबाजींनी स्वतःच तो खोका उचलला. रस्ता खराब, आत काचेच्या बाटल्या, जीपच्या मागे आदळून फुटतील म्हणून मांडीवर घेऊन पुढच्या केंद्रापर्यंत गेले. परत येताना पायी आले, भिजत. आजीने चुलीजवळ पाट सरकवला आणि विचारलं, "झाला का पास तुहा दवाखाना?"

"झाला, सरकार. साहेबानं फ्रीज पाहून मान हालवली."

त्यानंतर आठवडाही झाला नसेल. आजी बांधीत निंदण काढत होती. माझी आई तिच्या शेजारच्या बांधीत होती. दुपारची वेळ. आजी "काही तरी टोचलं" म्हणाली आणि कडेच्या धुऱ्यावर येऊन बसली. आईने घोणस जाताना पाहिली. हातगाडीवर बसवून आजीला दवाखान्यात आणलं. ती शुद्धीत होती, पाय सुजत होता, आणि ती लोकांवर चिडत होती की एवढे सगळे काम टाकून काऊन आले.

सिस्टरने फ्रीज उघडला. बंद केला. डॉक्टरांना फोन लावला, तो लागला नाही. दवाखान्याची गाडी उभी होती, पण ड्रायव्हरचा करार संपला होता आणि नवीन आला नव्हता. सिस्टरने सलाईन लावलं, असं आई सांगते. आबाजी पळत आले. ते सिस्टरला काही बोलले नाहीत. तेही फ्रीजपाशी गेले. त्यात ते इंजेक्शन नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, तरी त्यांनी तो उघडून पाहिला.

मोटारसायकलवर आजीला मधे बसवून तालुक्याच्या गावाकडे निघाले. मागे आबाजी तिला धरून. नाल्याला पाणी होतं, उतरायची वाट बघावी लागली. आजी नाल्याच्या अलीकडेच गेली. गाडी चालवणारा पोरगा सांगतो, शेवटी ती आबाजींना म्हणाली, "रडू नको. लोकं म्हणतीन नाटक करून राह्यला."

ते रडले नाहीत. मातीच्या दिवशी सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. मंडपात हजारो लोकांना रडवणारा माणूस भिंतीला टेकून कोरडा बसला होता. एक बाई दुसरीला म्हणालीसुद्धा, "पाहाय ना, पानी नाई डोळ्यात." मी वडशाहून पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. ते म्हणाले, "मी जिंदगीभर उठू उठू मेलो, पोरी. तिनं एका डावात केलं."

आणि मग म्हणाले, "खोका माह्या मांडीवर होता."

हिवाळ्यात पुन्हा तपासणी आली. मी सुट्टीत घरी होते. गावाला वाटत होतं आबाजी आता खाटेवर जाणार नाहीत. सरपंच विचारायला आले, तर आबाजी म्हणाले, "जातो ना. काऊन नाई जाणार?" त्यांनी चादरी आणल्या, जंगलाचा पडदा उलटा टांगला. फक्त अंगणात तालीम केली नाही. कॉलेजात गेल्यापासून ते मला मास्तरीणबाई म्हणायचे. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, तू माही नात. पेशंटजवळ कोणी तं पाहिजे. उशाशी बस. रडू नको, काही करू नको."

मी बसले. शेजारच्या खाटेवर गावातला एक भाऊ होता, हाताला सलाईनची नळी नुसती चिकटपट्टीने लावलेली. ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्या गुडघ्याजवळ होता. डॉक्टर इस्त्रीचा कोट घालून दारात. बाहेर गाडी थांबली, तशी आबाजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, जाकिटाची बटणं लावली आणि चादर तोंडावरून ओढून घेतली.

मला वाटलं थंडी वाजत असेल.

साहेब आत आले. बरोबर दोनतीन माणसं, एकाच्या हातात कॅमेरा. साहेब पहिल्या खाटेशी थांबले. चादर हलत नव्हती. मी इतकी जवळ होते तरी मला श्वास दिसत नव्हता. एक हात खाटेबाहेर आला होता, बोटं अर्धी उघडी. मीच घाबरले.

"हे काय?" साहेब म्हणाले. "केव्हा गेले हे?"

सिस्टरने तोंडावर हात घेतला. डॉक्टर पुढे आले, त्यांनी तो बाहेर आलेला हात धरला. बराच वेळ धरला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ते काय विचार करत असतील ते तेव्हा मला कळलं नाही, आता कळतं. मेला म्हणावं तर केंद्रात माणूस मेला आणि त्याचा एक कागदही नाही. जिवंत म्हणावं तर हा असा का पडला आहे?

"नाटक करतोय, सर," डॉक्टर म्हणाले आणि हसले. "नाटकातला माणूस आहे हा. सवय आहे त्याला."

साहेब म्हणाले, "म्हणजे पेशंट नाही?"

शेजारच्या भावाने चिकटपट्टीचा हात चादरीखाली घेतला. साहेबांनी ते पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. मग त्यांनी मला विचारलं, "कोण तुम्ही? यांचं काय झालंय?"

मला चारचौघांत बोलता येत नाही. कॉलेजात प्रेझेंट म्हणतानाही आवाज फुटत नाही. पण मी उभी राहिले आणि जसं आलं तसं बोलले. "साहेब, यांची बायको साप चावून गेली. याच पावसाळ्यात. इथे इंजेक्शन नव्हतं. डॉक्टर नव्हते. गाडीला ड्रायव्हर नव्हता. इंजेक्शन फक्त तुम्ही येता तेव्हा असतं."

साहेबांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. डॉक्टरांना म्हणाले, "फ्रीज दाखवा."

डॉक्टरांनी फ्रीज उघडला. थर्माकोलचा खोका आत होता. साहेबांनी झाकण काढून एक बाटली उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. मग माझ्याकडे वळून समजावल्यासारखं म्हणाले, "आहे की, बाळा."

त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका झाल्यासारखी दिसली. कदाचित माझी चूक असेल. ते पुढे म्हणाले, "तुमची काही तक्रार असेल तर लेखी द्या." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. बरोबरच्या माणसाने पुष्पगुच्छ पुढे केला, सगळे ओळीत उभे राहिले, फोटो काढला. जाताना साहेबांनी आबाजींच्या तोंडावरची चादर स्वतःच्या हाताने छातीपर्यंत खाली केली आणि म्हणाले, "आराम करा काका."

आबाजींचे डोळे मिटलेले होते. पुरे मिटलेले.

साहेब जेवायला गेले. जीपवाला आला, सिलिंडर नेला, काटा नेला, खोका नेला. या वेळी त्याने खोका पुढे, आपल्या सीटशेजारी ठेवला. सिस्टर आबाजींना हलवत होत्या, "उठा आता, गेले सगळे." पण ते तसेच पडून राहिले. शेवटी बिछायतवाला चादरी न्यायला आला तेव्हा उठले. स्वतःच चादरीची घडी घातली.

मी घरी आले आणि साहेब म्हणाले तसं लिहून पाठवलं. पोचलं असेल. उत्तर आलं नाही. गावातले काही लोक माझ्या बाबांना बोलून गेले, की पोरीमुळे दवाखाना जाईल. दवाखाना गेला नाही. पास झाला, चांगला पास झाला. दारावर 'उत्तम केंद्र' अशी पाटी आली आणि आत भिंतीवर फोटो. फोटोत साहेब आहेत, डॉक्टर आहेत, मधे पुष्पगुच्छ आहे. त्यांच्या मागे स्वच्छ पांढऱ्या चादरीत एक पेशंट शांत झोपलेला दिसतो. डॉक्टर अजूनही शहरातच राहतात.

त्या हंगामात नाटक मंडळ आबाजींना बोलवायला आलं. बापाचीच भूमिका होती. ते नाही म्हणाले. मंडळातल्या लोकांनी फार आग्रह केला, मान दिला, तर त्यांनी जाकीट काढून त्यांच्या हवाली केलं आणि म्हणाले, "मले आता मरता येत नाई. गावानं पाह्यलं."

आधी मला वाटलं ते टोमणा मारत आहेत. मग कळलं, तसं नाही. ते खरंच तसं समजतात.

गेल्या सुट्टीत मी कुंपणापाशी भांडी घासत होते. आबाजी पलीकडे ओट्यावर बसले होते, नुसत्या बनियनवर, आजी तांदूळ निवडायची त्या जागी. मला म्हणाले, "तू एकदम जवळ होती. खरं सांग. माह्या मरण्यात कुठी कमी राह्यली?"

"काही कमी नव्हतं, आबाजी. मीसुद्धा घाबरले होते."

"हात बराबर होता?"

"हो."

"श्वास दिसला का?"

"नाही दिसला."

हातात काही नसताना त्यांची बोटं तांदूळ निवडल्यासारखी हलत होती.

"मंग तो साहेब थांबला काऊन नाई?"

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. शासन, प्रशासन, जबाबदारी, या सगळ्यावर मी परीक्षेत पानभर लिहू शकते. पण आबाजींना काय सांगायचं? साहेबांना सगळं कळलं होतं आणि तरी ते पुढे गेले, हे सांगावं, की त्यांच्या मरण्यातच काही कमी होतं, हे त्यांना धरून राहू द्यावं?

मी तवा घासत राहिले. ते उठले, चपला घातल्या आणि दवाखान्याकडे निघाले. सिस्टरची कुलूप काढायची वेळ झाली होती.